दंडावरचा पट्टा आणि आतली धमनी : घरगुती रक्तदाबयंत्राचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणारे स्वयंचलित यंत्र आले. आईचे वय ७४ असून तिला बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजलेल्या आकड्यावर अवलंबून न राहता घरी नोंद ठेवावी, असे तिच्या डॉक्टरांनी सुचवले आणि आम्ही २,१०० रुपये देऊन हे यंत्र घेतले. या किमतीच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांचे आतील तंत्र एकाच प्रकारचे असते, त्यामुळे कंपनीचे नाव न देता या जातीच्या यंत्राविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच सांगतो. यंत्र उत्तम आहे आणि ते घेतल्याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु त्यासोबत येणारी माहितीपुस्तिका अपुरी आहे. कोणते बटण दाबायचे ते ती सांगते, पण पडद्यावर उमटणारा आकडा शरीरात कोठून येतो आणि दर काही मिनिटांनी का बदलतो, याविषयी तिच्यात एक वाक्यही नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दोन महिन्यांतील आमच्या जवळजवळ निम्म्या नोंदी वाया गेल्या. म्हणून या परीक्षणात यंत्राइतकेच शरीराविषयीही लिहीत आहे.

आकडा असतो पाऱ्याच्या मिलिमीटरचा. यंत्रात पारा नसतो, तरी मोजमापाचे एकक तेच राहिले आहे. १२० मिलिमीटर पारा म्हणजे किती दाब, हे समजण्यासाठी पाऱ्याऐवजी पाण्याचा विचार करावा. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असल्यामुळे एवढ्या दाबाने पाणी साधारण १६० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एखाद्या माणसाच्या उंचीइतके चढेल. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचनळी जोडली, तेव्हा रक्त ८ फुटांहून अधिक वर चढले, आणि १७३३ मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. धमनी न उघडता हा दाब बाहेरून मोजण्याची सोय व्हायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली. इटलीचे शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून मनगटाची नाडी बंद होईपर्यंत तो फुगवण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीने फक्त वरचा आकडा मिळत असे. पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके सुरू झाल्यावर वरचा आणि ते लोपल्यावर खालचा आकडा घेण्याची रीत रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दाखवली. दवाखान्यात डॉक्टर कानाला नळी लावून करतात ते हेच.

वरचा आणि खालचा असे दोन आकडे का, हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला होता. हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, ढकलले जाते. मिनिटाला सत्तरेक ठोके धरले, तर हे प्रमाण मिनिटाला सुमारे ५ लिटर होते, म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एकदा हृदयातून फिरून येते. ढकलण्याच्या त्या क्षणी धमन्यांतील दाब ज्या उंचीला जातो, तो वरचा आकडा. त्यानंतर झडप मिटते आणि हृदय पुन्हा भरू लागते. विश्रांतीत ठोक्याच्या एकूण वेळेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वेळ या भरण्यात जातो. या काळात हृदयाकडून रेटा नसतो, तरीही दाब शून्यावर येत नाही, कारण महाधमनीची भिंत रबरासारखी ताणली जाणारी असते. ठोक्याच्या वेळी ती फुगून काही रक्त आपल्यात सामावून घेते आणि हृदय थांबलेले असताना आक्रसून तेच रक्त पुढे सरकवते. पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी दाब जिथपर्यंत उतरलेला असतो, तो खालचा आकडा होय. मेंदू आणि मूत्रपिंड यांना दोन ठोक्यांच्या मध्येही अखंड रक्त मिळते, ते भिंतीच्या या लवचीकपणामुळे.

वयाबरोबर ही लवचीकता कमी होते. ताठ झालेली महाधमनी ठोक्याच्या वेळी पुरेशी फुगत नाही, म्हणून वरचा दाब अधिक चढतो, आणि मागाहून पुढे ढकलण्याजोगा साठा कमी असल्यामुळे खालचा उतरतो. आईच्या नोंदीत १४८/६८ असा आकडा आला, तेव्हा ‘वरचे जास्त आणि खालचे कमी, म्हणजे यंत्र बिघडले असणार’ असे आम्ही घरात सर्वांनी ठरवून टाकले होते. यंत्राने दाखवले होते ते बरोबरच होते. साठीनंतर अशी दोन आकड्यांमधली रुंद दरी पुष्कळांत आढळते, आणि खालचा आकडा चांगला आहे म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नसते.

आता यंत्र हे मोजते कसे ते पाहू. त्यात कान नसतो. पट्टा हवेने फुगतो, धमनी पूर्ण दाबली जाते आणि मग हवा हळूहळू सोडली जाते. पट्ट्याचा दाब वरच्या आकड्याच्या खाली आला की प्रत्येक ठोक्यासरशी धमनी क्षणभर उघडते आणि तिचा बारीक धक्का पट्ट्यातील हवेला बसतो. हे धक्के वाढत जातात, एका टप्प्यावर सर्वांत मोठे होतात आणि पुन्हा लहान होत जातात. सर्वांत मोठा धक्का साधारणपणे धमनीतील सरासरी दाबाच्या जागी येतो. म्हणजे यंत्र प्रत्यक्ष शोधते ती ही सरासरी. वरचा आणि खालचा आकडा त्या धक्क्यांच्या चढउतारावरून कंपनीने ठरवलेल्या गणिताने काढला जातो.

ही गोष्ट समजल्यावर आमच्या दोन शंकांचे उत्तर मिळाले. मोजताना बोटे हलवली, मूठ आवळली किंवा चालत्या गाडीत मोजले तर आकडा भलताच का येतो, हे कळले. पट्ट्याला धमनीचा धक्का आणि स्नायूचा धक्का यांत भेद करता येत नाही. दुसरी शंका खोक्यावर छापलेल्या ‘अचूकता ±३ मिलिमीटर’ या शब्दांविषयी होती. हा आकडा पट्ट्यातील हवेचा दाब किती अचूक मोजला जातो त्याचा आहे. त्यावरून काढलेला रक्तदाब तितकाच अचूक असेल, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी हा आकडा पाहण्यापेक्षा त्या विशिष्ट मॉडेलची माणसांवर, डॉक्टरी पद्धतीच्या मोजणीशी ताडून, मान्य नियमांनुसार चाचणी झाली आहे का, हे विचारणे महत्त्वाचे आहे. दुकानदाराला बहुधा हे सांगता येत नाही. चाचणीत उतरलेल्या मॉडेलांच्या याद्या उपलब्ध असतात, त्या पाहून मगच दुकानात जावे.

सर्वाधिक चुका पट्ट्यात होतात. रिव्हा-रोची यांचा मूळ पट्टा फार अरुंद होता आणि त्यामुळे त्यांचे आकडे वाजवीपेक्षा जास्त येत. जर्मनीतील हाइनरिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये ते दाखवून पट्टा रुंद केला. सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलेली ही चूक आजही घरोघरी होते, कारण यंत्राबरोबर बहुधा एकच पट्टा मिळतो आणि तो साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्यातील फुगणारा भाग दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के भागाला वेढणारा असावा लागतो. तो अपुरा असेल, तर धमनी दाबण्यासाठी पट्ट्यात अधिक हवा भरावी लागते आणि यंत्र तो जादा दाब रक्ताचाच समजून दाखवते. माझ्या मेहुण्यांच्या दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर आहे. आमच्या पट्ट्याने त्यांचा वरचा आकडा सलग तीन वेळा १५० च्या वर आला आणि ते घाबरून गेले. मोठा पट्टा वेगळा मागवून मोजल्यावर तो १३६ पर्यंत उतरला. त्या पट्ट्यासाठी ७०० रुपये अधिक मोजावे लागले. यंत्र घेण्याआधी शिंप्याकडची मोजपट्टी आणून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा, आणि त्या मापाचा पट्टा त्या यंत्राला मिळतो की नाही याची खात्री करूनच पैसे द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळीपासून दोन बोटे वर, आत एक-दोन बोटे सरकतील इतपत घट्ट बांधायचा असतो. आई सुरुवातीला ब्लाउजच्या घट्ट बाहीवरूनच पट्टा बांधत असे. नंतर ती बाही वर सरकवू लागली, तेव्हा तिची गुंडाळी दंडात रुतून दुसऱ्या पट्ट्यासारखे काम करू लागली. आता सकाळच्या मोजणीपुरता ती सैल बाह्यांचा गाउन घालते. इतकी साधी बाब पुस्तिकेत चित्रासह यायला हवी होती. चित्रात दिसतो तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टातील पुरुष.

हाताच्या उंचीचा प्रयोग मी स्वतःवर केला आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा, असे मला वाटते. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, अशा स्थितीत माझा वरचा आकडा १२८ आला. हात खुर्चीच्या बाजूला लोंबता ठेवल्यावर तो १३५ झाला. शरीरात यामुळे काहीच बिघडले नव्हते. रक्त हा द्रव आहे आणि त्यालाही वजन आहे. इमारतीच्या टाकीचे पाणी तळमजल्यावर जोराने आणि वरच्या मजल्यावर बारीक धारेने येते, तोच हा नियम. हृदयाच्या पातळीपासून खाली दर १० सेंटिमीटरला धमनीतील दाब सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो आणि वर तेवढाच कमी होतो. मनगटावर बांधायची यंत्रे मला पटत नाहीत, त्याचे मोठे कारण हेच आहे. मनगट मांडीवर ठेवले, तर ते हृदयापासून २५ सेंटिमीटर खाली सहज असते, आणि एवढ्याने आकडा २० ने चुकू शकतो. दंड मात्र मुळातच हृदयाच्या जवळपास असतो. तरीही हाताला आधार हवाच, कारण हात अधांतरी धरून ठेवण्यासाठी स्नायूंना करावे लागणारे श्रमही दाब वाढवतात.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा, हे वाक्य पुस्तिकेत आहे. त्यामागचे कारण मात्र नाही, आणि कारण कळल्याशिवाय आमच्या घरात ते कोणी पाळले नाही. दाब केवळ हृदयाच्या जोरावर ठरत नाही. रक्ताला पुढे जाण्यास किती अडथळा होतो यावरही तो तितकाच अवलंबून असतो. हा अडथळा प्रामुख्याने धमनिकांत असतो. धमन्यांच्या टोकाशी असलेल्या या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात आणि आपल्या इच्छेवाचून काम करणारी स्वायत्त चेतासंस्था ते घट्ट किंवा सैल करत असते. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट होतो. त्यामुळे या वेढ्यांत झालेला अगदी लहान बदलही आकड्यात ठळक दिसतो. दाराची घंटा वाजणे, कुकरची शिट्टी मोजणे, मुलांच्या शाळेच्या डब्याची घाई, या साऱ्यांना शरीर धमनिका आवळून आणि ठोके वाढवून उत्तर देते, आणि ते उत्तर ओसरायला काही मिनिटे लागतात. भरलेले मूत्राशय, एकावर एक टाकलेले पाय, टेकू नसलेली पाठ, नुकताच घेतलेला चहा किंवा ओढलेली सिगारेट यांमुळेही आकडा वाढतो. चहा आणि मोजणी यांत किमान अर्धा तास असावा. बोलण्याचा परिणाम तर मला अनपेक्षित वाटला. मोजणी चालू असताना आई नातवाशी बोलत होती तेव्हा आकडा १४९, आणि दोन मिनिटांनी गप्प बसल्यावर १३७.

दवाखान्यात आकडा जास्त येतो तोही याच कारणाने. डॉक्टरांसमोर आईचा वरचा आकडा १६० च्या आसपास असे आणि घरी १३८. याच्या उलट, दवाखान्यात योग्य आणि घरी मात्र वाढलेला, अशीही माणसे असतात, आणि ती स्थिती अधिक धोक्याची आहे, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. घरच्या मोजणीने हा फरक कळतो, या एकाच लाभासाठी यंत्राची किंमत वसूल झाली असे म्हणता येईल.

तरीही आमच्यासाठी यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच ठरला. आईला पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येत असे, आणि ती ‘बीपी वाढले असेल’ असे म्हणून मीठ आणखी कमी करत होती. बसून मोजलेला आकडा ठीक असे, त्यामुळे आमच्याही काही लक्षात आले नाही. डॉक्टरांनी तिला उभे राहून मोजायला सांगितले. बसलेली असताना १३८/७२ आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११२/६४.

उभे राहताच पोट आणि पाय यांच्या शिरांत अर्ध्या लिटरहून अधिक रक्त उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे घटते आणि दाब पडू लागतो. मानेतील मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत भिंतीचा ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. ताण कमी झाल्याचे ती मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला कळवतात, आणि काही सेकंदांत ठोके वाढतात, धमनिका आवळतात, शिराही आक्रसतात. पोटऱ्यांचे स्नायू हलले की शिरांतील रक्त पिळून वर ढकलले जाते आणि शिरांमधील झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. तरुणपणी हे सारे इतके चटकन होते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उतारवयात ही प्रतिक्रिया मंदावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, पाणी कमी पिणे किंवा मधुमेह यांनी ती आणखी दुबळी होते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट असते, कारण वयस्कर माणसांच्या पडण्यामागे आणि हाड मोडण्यामागे अनेकदा हेच असते. आईच्या गोळ्यांत डॉक्टरांनी बदल केला. उठण्यापूर्वी पलंगावर बसून पाऊल घोट्यातून दहा-बारा वेळा वरखाली करण्याची सवय तिने लावून घेतली. पहाटेची अंधारी थांबली. उभ्याने मोजण्याचा उल्लेख पुस्तिकेत कोठेही नाही. ज्या घरात सत्तरीच्या पुढचे माणूस गोळ्या घेत आहे, तेथे ही मोजणी एकदा तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. मात्र त्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

जेवणानंतरच्या नोंदींतही असाच उतार दिसतो. जेवल्यावर आतड्यांकडे रक्ताचा मोठा वाटा जातो आणि वयस्कर माणसाचा दाब त्यामुळे खाली येऊ शकतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर आलेला कमी आकडा पाहून ‘आता आटोक्यात आला’ असे समजू नये. रात्री झोपेत दाब नैसर्गिकपणे उतरतो आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढतो. हिवाळ्यात त्वचेच्या वाहिन्या आवळल्यामुळे तो उन्हाळ्यापेक्षा थोडा अधिक असतो, आणि आमच्या वहीत जानेवारी आणि मे यांतला हा फरक स्पष्ट दिसतो.

आता मीठ. लोणचे बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा उतरला नाही, म्हणून आई निराश झाली होती. चेतासंस्थेचे नियंत्रण सेकंदांचे असते; मूत्रपिंडांचे नियंत्रण मात्र दिवस आणि आठवडे यांच्या मापाने चालते. हृदयाने पाठवलेल्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जाते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्यातून गाळला जातो आणि त्यातील दीड लिटरच्या आसपास वगळता सारा परत रक्तात घेतला जातो. परत किती घ्यायचा, हे बऱ्याच अंशी सोडियम किती परत घेतले जाते यावर ठरते, कारण सोडियमच्या मागोमाग पाणी येते. जादा मीठ शरीरात राहिले की पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाबही वाढतो. दाब कमी झाल्याचे जाणवल्यास मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यापासून सुरू होणाऱ्या साखळीत अँजिओटेन्सिन तयार होते, ते धमनिका आवळते आणि मीठ राखून ठेवायला लावते. आपल्याकडे अनेक घरांत असलेली रक्तदाबावरची टेल्मिसार्टनची गोळी या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी पकड घेऊ देत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण भरत नाही. त्यात लोणचे, पापड, खारवलेली मिरची, फरसाण आणि ताटात वरून घेतलेले मीठ हे सगळे आले. आईच्या आकड्यांची सरासरी उतरू लागलेली दिसायला पाच-सहा आठवडे गेले. यंत्र नसते, तर तेवढा काळ धीर धरणे तिला जड गेले असते.

यंत्राच्या सोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन व्यक्तींच्या नोंदी वेगवेगळ्या साठवता येतात आणि शेवटच्या तीन मोजणींची सरासरी एका बटणावर दिसते. या दोन्ही गोष्टी खरोखर उपयोगी आहेत. पडद्याच्या कडेला असलेली हिरवी, पिवळी, लाल पट्टी मला अनावश्यक वाटते. एका मोजणीत लाल दिसले की घरात धास्ती पसरते, आणि त्या धास्तीने पुढची मोजणी आणखी वर जाते. अनियमित ठोक्यांची खूण मात्र गांभीर्याने घ्यावी. ती एखाद्या वेळी हालचालीमुळेही उमटते, पण वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगून ईसीजी काढून घ्यावा. ठोके मुळातच अनियमित असतील, तर धक्क्यांवर चालणाऱ्या या यंत्राचे गणित कमी भरवशाचे ठरते आणि अनेक मोजण्यांची सरासरी घ्यावी लागते. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे सकाळच्या अंधुक उजेडात आईला आकडे वाचता येत नाहीत आणि तिला खिडकीशी बसावे लागते. चार सेल साधारण पाच महिने टिकले. बोलून आकडा सांगण्याची सोय इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. पुस्तिकाही मराठीत नाही. महाराष्ट्रात एवढ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या आणि प्रामुख्याने वृद्धांनी वापरायच्या वस्तूबाबत ही मोठी उणीव आहे, असे मला मनापासून वाटते.

नोंदीची जी पद्धत आम्हाला डॉक्टरांनी घालून दिली, ती अशी : पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्या बाजूचा आकडा अधिक येतो तोच दंड पुढे कायम ठेवावा, दोन्हींत सातत्याने १५ च्या आसपास किंवा अधिक फरक राहिला तर ते सांगावे. भेटीच्या आधीचे सात दिवस सकाळी गोळी आणि न्याहारी यांच्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल, तर दाब वाढलेला समजतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० धरली जाते. सात दिवस संपले की यंत्र कपाटात ठेवावे. आई मध्यंतरी दिवसातून आठ-आठ वेळा मोजू लागली होती आणि त्यातून काळजीखेरीज काहीही निष्पन्न झाले नाही. आकडे पाहून स्वतःच्या मनाने गोळी वाढवणे, कमी करणे किंवा बंद करणे हे तर कोणीही करू नये. डोके दुखत नाही म्हणजे दाब ठीक आहे, हा समजही आमच्या वहीने मोडून काढला. सर्वांत वरचे आकडे ज्या दिवशी आले, त्या दिवशी आईला काहीही होत नव्हते. आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, चेहऱ्याची वा हातापायाची एक बाजू लुळी पडणे, दिसण्यात फरक यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. अशी लक्षणे नसतील, तर काही मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

विक्रीनंतरच्या सेवेचा अनुभव एकदाच आला. आठव्या महिन्यात पट्ट्याची नळी जोडाच्या जागी सैल होऊन हवा सुटू लागली आणि यंत्र वारंवार चूक दाखवू लागले. पावती जपून ठेवली होती, त्यामुळे पट्टा हमीत बदलून मिळाला, परंतु त्याला तीन आठवडे लागले. नवा पट्टा आल्यावर आम्ही यंत्र घेऊन दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांच्या उपकरणाशी ते आईच्याच दंडावर आळीपाळीने तीन वेळा ताडून पाहिले. फरक दर वेळी ५ मिलिमीटरच्या आतच राहिला. ही तपासणी आता आम्ही दर वर्षी दिवाळीनंतरच्या भेटीत करून घेणार आहोत, आणि त्याची तारीख आईने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.